नळी गोळीने मरत नाही, हयगयीने मरते
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपल्या मेळाव्यात कापसाच्या भावावर बोलणं होतं, कर्जावर होतं, विजेवर होतं. आज आम्ही बोलणार आहोत बंदुकीच्या नळीवर. काहींना वाटेल, हा काय विषय झाला? पण ज्याची ज्वारी हुरड्यात आहे आणि रात्री डुकरांचा कळप आत शिरतो, ज्याच्या तुरीच्या शेंगा रोही ओरबाडून नेतात, त्याला विचारा. जागलीला जाताना खांद्यावर जे हत्यार असतं, ते वेळेवर चालेल का, सरळ चालेल का, आणि चालवणाऱ्याच्या तोंडावर तर फुटणार नाही ना, हे तिन्ही प्रश्न त्या नळीच्या पोटात आहेत.

आम्ही गावोगाव परवान्याच्या बंदुका पाहतो. बाहेरून तेल लावून चकचकीत, दस्ता पुसलेला, पट्टा नवा. बोल्ट काढून उजेडाकडे धरून आत पाहावं, तर नळीत विहिरीच्या जुन्या पाइपासारखा गंज. मालक म्हणतो, "अहो, वर्षात पाच गोळ्या सुटत नाहीत, झिजली कशी?" ती झिजलीच नाही. ती बसून बसून सडली. चांगल्या रायफलच्या नळीतून काही हजार गोळ्या जातात, तेव्हा कुठे ती थकते. आपण वर्षाला पाच-दहा उडवतो. या हिशेबाने आपली नळी नातवाच्याही नातवाला पुरायला हवी. ती पुरत नाही, कारण आपली नळी गोळीने मरत नाही. ती मरते पावसाळ्याने, मिठाने आणि चुकीच्या हाताने.

आधी कोणाकडे काय असतं ते पाहू. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे. ठासणीची पुरेशी पडत नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर निदान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, देता येते. काही घरांत त्याहून मोठं हत्यार आहे, ते म्हणजे ३१५ बोअरची रायफल. ३०३ ही फौजेची बोअर, सामान्य नागरिकाला ती वर्ज्य. म्हणून सरकारी कारखान्यात नागरिकांसाठी ही ३१५ बनली. तिच्या काडतुसाच्या बुडावर बहुतेक वेळा के. एफ. अशी अक्षरं दिसतात. ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. आज आम्ही मुख्यतः या रायफलच्या नळीबद्दल बोलू. बारा बोअर आणि ठासणीवाल्यांसाठी शेवटी वेगळं सांगू.

रायफलची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात मागपासून तोंडापर्यंत पिळदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी त्या खाचांत पकडली जाते, स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, आणि फिरते म्हणून सरळ जाते. गोफणीतला गोल गुळगुळीत दगड आणि वेडावाकडा ढेकूळ यांत जो फरक, तसाच तो. या खाचांची खोली एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. एवढ्याशा खोलीवर सगळा नेम अवलंबून आहे. आता सांगा, त्या खाचांत गंजाचा पापुद्रा बसला, तर गोळी कशाला धरून फिरणार?

गोळी सुटली की नळीत तीन प्रकारची घाण राहते. तिघींवर इलाज वेगळा आहे, म्हणून नीट ऐका.

पहिली घाण दारूची काजळी. ही दारू कशाची बनते माहीत आहे? कापसाची. १८४६ साली शोनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नत्राम्ल आणि गंधकाम्लाची प्रक्रिया केली आणि स्फोटक कापूस तयार झाला. १८८४ साली फ्रान्समध्ये व्हिएलने त्यापासून बिनधुराची दारू बनवली. आजही सरकीच्या अंगाला चिकटून राहणारा आखूड तंतू, ज्याला व्यापारी लिंटर म्हणतात, त्या दारूचा कच्चा माल आहे. भावांनो, आपल्या बोंडातला तंतू कारखान्यात जातो आणि काडतुसात बसून आपल्याच खांद्यावर परत येतो! असो. ही काजळी मऊ असते. बंदुकीच्या दुकानात मिळणारा नळी साफ करण्याचा द्रव आणि सुती चिंधी यांनी ती निघते.

दुसरी घाण तांब्याची. शिशाच्या गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं. गोळी खाचांतून घासत जाताना त्याचा पातळ लेप नळीला लागतो. दोन-चार गोळ्यांनी काही बिघडत नाही. पंचवीस-तीस गोळ्या झाल्या, किंवा नेम पूर्वीसारखा लागेना झाला, की त्याकडे पाहायचं. याला अमोनिया असलेला खास द्रव लागतो. चिंधी निळी-हिरवी होऊन बाहेर आली म्हणजे तांबं निघतंय. चिंधी पांढरी येऊ लागली की थांबायचं. हा द्रव बाटलीवर लिहिलं असेल तेवढाच वेळ नळीत ठेवायचा. रात्रभर ठेवला तर पोलादालाही बाधू शकतो. आणि मग तो पूर्ण पुसून तेल लावायचं.

तिसरी घाण सगळ्यांत घातकी, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी असते. घोडा ओढला की सुई तिच्यावर आदळते आणि ठिणगी पडते. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे एक क्षार राहतो, आपल्या मिठाचाच भाऊ. आता मायबहिणींना विचारा, श्रावणात मिठाच्या बरणीचं काय होतं? झाकण लावलं तरी पाणी सुटतं. तसाच हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो आणि नळीच्या आत बसून राहतो. पाऊसपाण्याच्या दिवसांत एका रात्रीत तांबूस झाक येते.

आणि आपण काय करतो? वरून तेल पाजतो. मीठ तेलात विरघळतं का? फोडणीत मीठ टाकून पाहा, तळाशी खडा तसाच राहतो. मीठ विरघळतं पाण्यात. म्हणून अशी जुनी काडतुसं वापरली असतील, तर इलाज तेल नाही, इलाज उकळतं पाणी. जुने फौजी आणि शिकारी हेच करत आले. बोल्ट काढायचा, मागच्या बाजूने नरसाळ्याला लहान नळी जोडून लीटर-दीड लीटर कढत पाणी नळीतून तोंडाकडे सोडायचं. लाकडी दस्त्यात आणि बोल्टच्या घरात पाणी जाऊ द्यायचं नाही. हात भाजेल म्हणून नळी जाड फडक्याने धरायची. पाणी कढत असलं की पोलाद तापतं आणि आतली ओल लवकर सुकते. मग कोरड्या चिंध्या फिरवायच्या आणि तेल द्यायचं. काडतूस नवं आहे की जुनं, टोपी कोणत्या जातीची, याची खात्री नसेल तर पाणी घालाच. पाण्याने नुकसान नाही, ओल ठेवली तर नुकसान आहे. आणि हे काम त्याच दिवशी करायचं. सकाळी पाहू, वखरणी झाल्यावर पाहू, असं म्हटलं की नळी गेली.

आता साफ करण्याची रीत. क्रम लक्षात ठेवा.

एक. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, काडतुसाचं घर डोळ्यांनी पाहा आणि बोट घालून चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. पोरंबाळं लांब. बंदूक रिकामी आहे असं धरून चालल्यामुळेच घरात माणसं गेली आहेत. तोंड कधीही माणसाकडे नको, साफ करतानासुद्धा नको.

दोन. बोल्ट मागे काढून घ्या आणि गज मागूनच घाला, तोंडाकडून नाही. का? गोळी नळी सोडते ती तोंडाच्या कडेवर. ती कड सगळीकडून सारखी असेल तर गोळी सरळ निघते. तोंडातून गज खुपसला की तो कडेवर घासतो, एका बाजूला खड्डा पडतो, आणि गोळी कायमची एका अंगाला जाते. नांगराचा फाळ एका बाजूने झिजला तर तास वाकडं जातं, तसंच. पुष्कळ नळ्या गंजाने नाही, मालकाच्या गजाने बिघडल्या आहेत.

तीन. गज पितळी किंवा लेप दिलेला, अखंड. तारेचा तुकडा, सायकलची आरी, लोखंडी सळई, बाभळीची काठी यातलं काही नको. काठी आत मोडली तर काढायला कारागीरच लागेल.

चार. द्रवात भिजवलेली चिंधी एकदा आरपार. मग पितळी तारांचा ३१५ चा ब्रश, दहा-बारा फेऱ्या. ब्रश तोंडातून पूर्ण बाहेर आल्याशिवाय मागे ओढू नका. मध्येच दिशा बदलली तर तारा वाकतात आणि ब्रश अडकतो. मग पुन्हा भिजकी चिंधी, मग कोरड्या, त्या स्वच्छ निघेपर्यंत. चिंध्यांसाठी जुनं मऊ सुती कापड, धुतलेलं, बिनखळीचं. नायलॉन मिसळलेलं कापड घाण ओढत नाही. चिंधी घट्ट बसावी, पण हातोडी मारावी लागू नये.

पाच. काडतुसाचं घर विसरू नका. नळी साफ आणि घर गंजलेलं असलं, की रिकामं काडतूस आतच चिकटतं. समोर डुक्कर आणि बोल्ट उघडत नाही, तेव्हा तुम्ही काय करणार?

सहा. पांढरा कागद तोंडापाशी धरा आणि मागून पाहा. खाचा आरशासारख्या चमकल्या पाहिजेत. काळे ठिपके दिसले तर ते गंजाचे खड्डे आहेत. ते घासून जात नाहीत. त्यांत क्षार आणि ओल आणखी बसते, म्हणून अशा नळीला दुप्पट जपायचं.

सात. शेवटी तेलाची एक चिंधी. झिरपेल इतकं तेल नको, नुसता हात फिरवल्यासारखा थर.

तेलावर थोडं जास्त बोलतो, कारण घराघरांत इथेच घोटाळा आहे. कोणी खोबरेल लावतं, ते थंडीत गोठतं. कोणी सरकीचं तेल लावतं. आपलंच आहे म्हणून प्रेम समजतो, पण ते हवेत हळूहळू चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. जवसाचं तेल तर सुकून वार्निशसारखं होतं. म्हणूनच ते लाकडी दस्त्याला उत्तम, आणि नळीत वर्ज्य! रॉकेलने काजळी सुटते, पण ते उडून जातं आणि पोलाद उघडं पडतं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल आपण बैलगाडीच्या आखापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळीकडे लावतो. त्यात आम्ल आणि काजळी असते, ते नळीत घालू नका. बंदुकीचं तेल मिळालं तर सर्वांत चांगलं. नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, पण ते पावसाळ्यात दर आठ दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं.

आता ठेवायची जागा. चामड्याच्या किंवा कापडाच्या खोळीत घालून बंदूक महिनोन्महिने ठेवू नका. खोळ ओल धरते. खताच्या पोत्यांच्या खोलीत तर नकोच. युरिया-सल्फेटची पोती ओल ओढतात आणि लोखंड खातात, हे पत्र्याच्या शेडचे खिळे पाहून कळतं. कोरड्या, कुलूपबंद पेटीत किंवा कपाटात ठेवा. तोंड थोडं खाली राहिलं तर जास्तीचं तेल दस्त्याच्या लाकडात आणि बोल्टच्या घरात उतरत नाही. कार्तिक-मार्गशीर्षात जागलीवरून पहाटे आलात, नळीवर दव आहे, आणि तशीच खोळीत घातली, तर ती आतबाहेर घामेजते. आधी पुसा, कोरडी करा, मग ठेवा.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा होतात, हे तुम्हाला माहीत आहे. २०२४ साली आपल्या राज्यात आचारसंहिता दोनदा लागली. लोकसभेची १६ मार्चला, विधानसभेची १५ ऑक्टोबरला. दुसरी नेमकी कापूस वेचणीच्या आणि तुरीला फुलं धरण्याच्या दिवसांत. जमा करायला सांगितलं तर करावी लागते. पण जमा करण्याआधी नळी स्वच्छ करून आत-बाहेर दाट तेलाचा किंवा पातळ ग्रीसचा थर द्या. पावतीवर नंबर आणि बंदुकीची स्थिती लिहून घ्या. परत आणल्यावर तो थर पूर्ण पुसल्याशिवाय एकही गोळी उडवू नका.

का नको, हे ऐका, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. काडतूस पेटलं की नळीत दर चौरस इंचाला हजारो पौंडांचा दाब तयार होतो. वाट मोकळी असली तर तो गोळी पुढे ढकलतो. वाटेत ग्रीसचा गोळा, अडकलेली चिंधी, चिखल किंवा ब्रशचा तुकडा असला, तर गोळी तिथे अडखळते आणि दाब नळीवर उलटतो. नळी फुगते, नाही तर फाटते, आणि फाटते ती डाव्या हाताजवळ, डोळ्यांजवळ. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे. कुंभारीण माशी दाराच्या भोकात, कुलपात मातीचं घर करते, ते सगळ्यांनी पाहिलंय. भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीतही ती घर करते. बाहेरून काही दिसत नाही. धूळ जाऊ नये म्हणून तोंडात चिंधीचा बोळा कोंबणारे आहेत. रात्री घाईत बोळा विसरला की संपलं. म्हणून नियम एकच. जागलीला निघण्याआधी बंदूक रिकामी असताना बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड पाहा, कोरडी चिंधी फिरवून तेल पुसा, मगच काडतूस. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, फुसका आला, तर दुसरी गोळी उडवू नका. पहिली आतच अडकलेली असू शकते.

बारा बोअरवाल्यांनो, तुमच्या नळीत खाचा नाहीत, बाकी सगळं हेच. मागून साफ करा, शिशाचे राखाडी पट्टे ब्रशने काढा. ठासणीवाल्यांनो, तुमची काळी दारू सर्वांत जास्त ओल ओढते. साबणाचं गरम पाणी आणि भरपूर चिंध्या, त्याच रात्री. तुमची नळी मागून बंद असते, म्हणून गज तोंडातूनच घालावा लागतो. तो मधोमध धरून, कडेला न घासता चालवा. आणि भरलेली ठासणी भिंतीला टांगून ठेवण्याची रीत बंद करा.

नळी बिघडली तर गावच्या लोहाराकडे नेऊ नका. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तोंड खराब झालं म्हणून दोन इंच कापून टाकू, असं कोणी सांगेल. नळी आखूड करणं हा कायद्याच्या कलम ६ प्रमाणे गुन्हा आहे. परवानाधारक कारागिराला दाखवा. त्याने नळी बाद आहे म्हटलं तर ऐका. आणि हेही ध्यानात असू द्या, बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नाही. रानडुक्कर किंवा रोही मारायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी लेखी परवानगी लागते. ती खिशात असली तरी रायफलची गोळी एक-दीड किलोमीटरवरही जीव घेते. सपाट काळ्या रानात पलीकडे कोणाचा तरी जागल्या बसलेला असतो. नळी स्वच्छ आणि नेम सरळ असणं, ही त्या जागल्याचीही राखण आहे.

भावांनो, आपण तिफणीचं फण पेरणी झाल्यावर धुऊन ठेवतो. फवारणीचा पंप रिकामा करून ठेवतो. जो पंप धूत नाही, त्याचं नोझल ऐन अळीच्या वेळी चोंदतं. बंदुकीला वेगळा न्याय नाही. घरी गेल्यावर पहिलं काम हे करा. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा, पांढरा कागद धरा आणि नळीत पाहा. चमक दिसली तर तेलाचा हात फिरवून ठेवून द्या. तांबूस दिसलं तर उद्याची वाट पाहू नका, चुलीवर पाणी ठेवा.